आवलीचा हिशेब आणि घरगुती रहस्यकथा

आषाढी वारीत तुकोबांची पालखी देहूतून बाहेर पडली की पहिली अभंग-आरती होते ती अनगडशाह बाबांच्या दर्ग्यापाशी. हे दृश्य आता वर्तमानपत्रांना दरवर्षी लागते. सलोख्याचे छायाचित्र छापून येते, दोन ओळी लिहिल्या जातात आणि पालखी आकुर्डीकडे सरकते. आमचे लक्ष मात्र या फकिराशी जोडलेल्या एका जुन्या गोष्टीकडे आहे. महिपतीच्या परंपरेतून ती आपल्यापर्यंत आली. अनगडशाह कटोरा घेऊन तुकोबांच्या दारात उभा राहिला. कटोरा असा, की कोणाच्या भिक्षेने भरत नव्हता. घरातली लहान मुलगी ओंजळभर पीठ घेऊन आली. आवलीने तिचा हात धरला, पीठ सांडले आणि जे चिमूटभर कटोऱ्यात पडले त्याने कटोरा भरून वाहू लागला. कीर्तनात ही गोष्ट तुकोबांच्या थोरवीसाठी सांगतात. श्रोते हसतात ते आवलीला. कंजूष, कजाग, देवमाणसाच्या पदरी पडलेली बायको!

आम्हाला वाटते, त्या घरात पीठ किती उरले आहे हे ठाऊक असलेली ती एकटीच होती.

हा लेख रहस्यकथेविषयी आहे. सुरुवात देहूपासून का केली ते पुढे कळेल. इंग्रजीत रहस्यकथेचा एक प्रकार आहे, त्याला 'कोझी' म्हणतात. चहाची किटली गरम राहावी म्हणून तिच्यावर कापडी टोपी घालतात, त्या टोपीलाही तोच शब्द. आपण तिला घरगुती रहस्यकथा म्हणू. तिच्यात खून होतो, पण पडद्याआड. रक्त फारसे दिसत नाही, पाठलाग नसतो, पिस्तुले क्वचितच. लहानसे गाव असते, सगळे सगळ्यांना ओळखत असतात, आणि शोध घेणारी व्यक्ती पोलीस नसते, पगारी डिटेक्टिव्हही नसते. बहुधा ती बाई असते, आणि तिचे हत्यार म्हणजे चौकसपणा. आपल्याकडे ज्याला 'लोकांच्या घरात डोकावण्याची खोड' म्हणून नावे ठेवतात, त्याच खोडीला या कथेत मान मिळतो. म्हणूनच समीक्षकांनी हा प्रकार कधी मनावर घेतला नाही. फावल्या वेळेतले वाचन, बायकांचे वाचन, असे म्हणून तो बाजूला ठेवला.

अगाथा ख्रिस्तीची गोष्ट इथे सांगितली पाहिजे. ३ डिसेंबर १९२६ च्या रात्री ती घरातून निघाली आणि नाहीशी झाली. तिची मोटार बेवारस सापडली. पोलीस, स्वयंसेवक, वर्तमानपत्रे सगळे तिच्या शोधात. अकरा दिवसांनी ती हॅरोगेट गावच्या एका हॉटेलात सापडली. तिथल्या वहीत तिने स्वतःचे आडनाव लिहिले होते नील. नवऱ्याचे ज्या बाईवर प्रेम बसले होते तिचे आडनाव! १९२८ मध्ये घटस्फोट झाला. या दोन तारखांच्या मध्ये, १९२७ च्या डिसेंबरात, एका मासिकात तिची एक लघुकथा आली आणि त्या कथेत मिस मार्पल नावाची म्हातारी पहिल्यांदा विणकाम करत बसलेली दिसली. म्हणजे जगातली सर्वांत प्रसिद्ध हौशी शोधक बाई एका मोडत्या संसारात जन्मली. लेखिकेने तिला लग्नच करू दिले नाही, हेही आम्हाला पुरेसे बोलके वाटते.

त्या पहिल्या कथेत काय आहे? एका घरात रात्रीच्या जेवणानंतर तिघांना त्रास होतो, त्यातली बायको मरते. टीपकागदावर नवऱ्याच्या पत्रातले काही शब्द उलटे उमटलेले सापडतात आणि त्यांत शेकडो-हजारोंचा उल्लेख असतो. जमलेले शहाणे पुरुष आणि एक चित्रकार तरुणी तो पैशांचा हिशेब समजून डोके लढवतात. मार्पलबाईला मात्र स्वयंपाकघर ठाऊक. गोड पदार्थावर भुरभुरवायच्या रंगीत साखरेच्या बारीक दाण्यांना इंग्रज बायका नेमके याच शब्दांनी ओळखतात, हे तिला सहज आठवते. विष तिथे होते. घालणारा हात मोलकरणीचा आणि घालवून घेणारा नवरा. संबंध कथेचा उलगडा एका स्वयंपाकघरातल्या शब्दावर उभा आहे. तो शब्द ज्यांना माहीत नव्हता ते वकील, पाद्री, पोलीस अधिकारी असूनही हरले.

आता दुसरी लेखिका. एम. सी. बीटन या नावाने लिहिणारी मॅरियन चेस्नी ही ग्लासगोची. १९९२ साली तिने अगाथा रेझिन नावाची नायिका उभी केली. ही बाई मार्पलसारखी गोड नाही. लंडनमध्ये जाहिरातबाजीच्या धंद्यात पैसा केला, पन्नाशीच्या सुमाराला तो धंदा विकला आणि लहानपणापासून मनात धरलेल्या खेड्यातल्या टुमदार घरात राहायला आली. गावात तिला कोणी विचारीना. म्हणून तिने पाककृतींच्या स्पर्धेत भाग घेतला. स्वयंपाक येत नव्हता, तेव्हा शहरातल्या दुकानातून अंड्याची खारी पाय विकत आणून स्वतःची म्हणून ठेवली. स्पर्धेचा परीक्षक ती खाऊन मेला. विष निघाले. साहजिकच संशय कोणावर? जी कालपरवा गावात आली तिच्यावर. आपल्यावरचा डाग पुसण्यासाठी ती शोधाला लागते आणि तिचे पाऊल गावच्या प्रतिष्ठित घरांकडे वळते. गुन्हेगार कोण ते आम्ही सांगणार नाही. पुस्तक मिळाले तर वाचा.

या बाईचे लग्न झालेले आहे. तरुणपणी एका दारुड्याशी केले, त्याला सोडून पळाली आणि पुढे तो मेलाच असेल असे धरून चालली. १९९६ च्या पुस्तकात ती शेजाऱ्याशी दुसरे लग्न लावायला उभी राहते आणि हा पहिला नवरा नेमका तिथे हजर होतो. पुढे त्याचाच खून होतो व संशय पुन्हा हिच्यावर. नंतर त्या शेजाऱ्याशी लग्न होते, तेही सुखाचे नाही. बीटन २०१९ च्या डिसेंबरात वारली तोवर या मालिकेची तीसच्या आसपास पुस्तके झाली होती. सगळी चांगली आहेत असे आम्ही म्हणणार नाही. पुढची पुस्तके घाईत लिहिलेली वाटतात, गावातली माणसे एकाच साच्यातून निघतात आणि अगाथाबाईचे पुरुषांमागे झुरणे तिसऱ्या-चौथ्या पुस्तकात कंटाळा आणते. पण एक गोष्ट तिने नीट पकडली आहे. ज्या बाईचा संसार फसला आहे तिला दुसऱ्याच्या घरातले गोड बोलणे खरे वाटत नाही. चारचौघांत नवरा-बायको कसे हसतात आणि दार लागले की काय होते, हे तिने स्वतः सोसले आहे. सुखी बाई ज्यावर विश्वास ठेवेल त्यावर ही ठेवत नाही. शोधकाला लागणारी संशयाची शिकवणी तिला घरीच फुकट मिळालेली असते.

आम्हाला या प्रकारात महत्त्वाचे वाटते ते त्याहून थोडे वेगळे. घरगुती रहस्यकथेत गाव पहिला संशय नेहमी परक्यावर घेते. नवा भाडेकरू, परदेशी नोकर, फिरस्ता, जिप्सी. आणि कथेचा कायदाच असा, की पहिला संशयित सहसा गुन्हेगार नसतो. तो निघाला तर वाचक पुस्तक फेकून देईल. त्यामुळे कथा वाचकाला गावाच्या सोयीच्या उत्तरापासून उचलते आणि गावाच्या आत, देवघराच्या आणि दिवाणखान्याच्या दिशेने चालवते. हे लेखिकेच्या मनाचे मोठेपण असेलच असे नाही. ख्रिस्तीच्या पुस्तकांत परदेशी लोकांविषयी, विशेषतः ज्यूंविषयी, किळस यावी अशी वाक्ये आहेत. काही पुढच्या आवृत्त्यांतून काढावी लागली. पण तिच्या कथेचा सांगाडा तिच्या जिभेपेक्षा न्यायी आहे. बाहेरच्याकडे बोट दाखवणाऱ्या गावाला तो शेवटी आरसा दाखवतो. ज्यांच्या वस्तीकडे गावात काही घडले की आधी बोट जाते, त्या आम्हा वाचकांना हा सांगाडा समजावून सांगावा लागत नाही.

मराठीत काय झाले? बाबूराव अर्नाळकरांनी हजारावर कादंबऱ्या लिहिल्या. झुंजार, धनंजय, काळापहाड यांच्यावर दोन पिढ्या पोसल्या. आम्हीही देहूरोडच्या बाजारात भाड्याने पुस्तके देणाऱ्या एका टपरीतून ती आणत असू. पाने गेलेली असत, कधी शेवटचे पानच नसे, आणि खुनी कोण हे आम्ही भावंडे भांडून ठरवत असू. झुंजारला विजया नावाची बायको आहे आणि ती संकटातही त्याची साथ सोडत नाही. संसार सुखाचा, म्हणून कथेला त्याचे काही काम नाही. सुहास शिरवळकर पुण्यात राहून लिहीत. त्यांनी फिरोज इराणी, दारा बुलंद अशी नावे मराठी वाचकाच्या लाडाची केली, याबद्दल आम्ही त्यांचे ऋणी आहोत, कारण इतर लेखकांकडे अशी नावे बहुधा तस्कराच्या टोळीतच सापडत. पण फिरोजच्या घरात कोणती भाजी शिजते, त्याची आई कोणत्या भाषेत रागावते, हे वाचल्याचे आम्हाला आठवत नाही. भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे हौशी शोधक खरा, आणि आमच्याच जिल्ह्यातल्या फुरसुंगीचा; पण तो शाळकरी पोर. आणि पुण्यातच १९५२ पासून राहून शरदिंदु बंद्योपाध्याय बंगालीत ब्योमकेश बक्षी लिहीत होते. ब्योमकेशला बायको मिळाली तीही एका खटल्यातून, तिच्या भावावर आळ आला होता. मराठीत मात्र रहस्यकथा गोदीत, क्लबात आणि मोटारींत फिरत राहिली. ती ओट्यावर आली नाही, नळावरच्या रांगेत उभी राहिली नाही.

आता आपल्या घरचे. मुस्लिम मराठी कथेचा सर्वांत भरलेला कप्पा कोणता, तर दुःखी संसाराचा. हे स्वाभाविक आहे. १८ एप्रिल १९६६ रोजी हमीद दलवाईंनी सात मुस्लिम स्त्रियांचा मोर्चा मुंबईत विधिमंडळावर नेला. १९७० मध्ये पुण्यात मुस्लिम सत्यशोधक मंडळ निघाले. त्यानंतरच्या लेखनावर या प्रश्नाची छाया पडली, ती पडायलाच हवी होती. २०१७ साली सर्वोच्च न्यायालयाने एका दमात दिलेला तिहेरी तलाक रद्द ठरवला, तो शायरा बानो यांच्या अर्जावरून. पण आमच्या कथांतली बाई पाहा. नवरा तलाक देतो, ती कोसळते. नवरा दुसरी आणतो, ती विहिरीकडे जाते. नाहीतर एखादा शिकलेला दीर, एखादा सुधारक मास्तर येतो आणि तिच्या वतीने बोलतो. ती सोसते, आम्ही हळहळतो, कथा संपते. तिला काय माहीत होते, हे कोणी विचारत नाही. त्या सात जणी रस्त्यावर उतरल्या त्या दया मागायला नव्हे. आपल्या घरात काय घडले याच्या त्या साक्षीदार होत्या. कथेत आम्ही त्यांना साक्षीदाराच्या पिंजऱ्यातून उचलून पुन्हा खाटेवर निजवले.

हा दोष फक्त आमचाही नाही, म्हणून पुन्हा आवलीकडे येतो. पुण्याच्या सावकाराची लेक, तुकोबांची दुसरी बायको. पहिली रखमाबाई दुष्काळात गेली. नवरा भंडाऱ्याच्या डोंगरावर, कधी भामचंद्रावर, कधी घोरवडेश्वराच्या लेण्यांत जाऊन बसे आणि ही भाकरी बांधून त्याला शोधत निघे. पायात काटा मोडल्याची कथा प्रसिद्ध आहे. रोज उठून न सांगता निघून गेलेल्या माणसाचा माग काढणे, कोणत्या वाटेने गेला हे गुराख्याला विचारणे, आज कोणता डोंगर असेल याचा अंदाज बांधणे, याला शोध नाही तर काय म्हणावे? प्रभातच्या १९३६ च्या 'संत तुकाराम'मध्ये गौरीने ही बाई अशी उभी केली, की विष्णुपंत पागनीसांच्या तुकोबांइतकीच ती लक्षात राहिली. दामले-फत्तेलालांनी तिच्या तोंडी भांडण दिले, पण ते भांडण पोरांच्या पोटाचे आहे हे पडद्यावर दिसते. कीर्तनकारांना जे दिसले नाही ते कॅमेऱ्याने पाहिले.

परंपरेतली आणखी एक गोष्ट. तुकोबांच्या वह्या इंद्रायणीत बुडवायला लावणारे रामेश्वर भट्ट अनगडशाहाच्या विहिरीत अंघोळीला उतरले आणि त्यांच्या अंगाचा दाह होऊ लागला. तो शमला तुकोबांच्या अभंगाने. चमत्कार बाजूला ठेवा आणि मांडणी पाहा. त्रास देणारा आतला, विद्वान, मान्यवर. त्याचा अपराध उघडा पडतो तो गावाबाहेरच्या परक्या फकिराच्या विहिरीवर. आणि ज्याच्यावर अन्याय झाला तोच उतारा देतो. इंग्रज बायकांनी तीनशे वर्षांनी जो सांगाडा वापरला, त्याचे हाड आमच्या भक्तिकथेत आधीच होते. ते रहस्यकथेत आणायचे कोणाला सुचले नाही, इतकेच.

देहू आज ते खेडे नाही. नगरपंचायत झाली आहे. एका अंगाला देहूरोडचा दारूगोळ्याचा डेपो आणि लष्करी वस्ती, जिथे २५ डिसेंबर १९५४ रोजी बाबासाहेबांनी बुद्धमूर्तीची स्थापना केली. दुसऱ्या अंगाला तळवडे, चाकणचे कारखाने. भामचंद्राच्या पायथ्यापर्यंत शेड आले. मराठवाड्यातून, बिहारातून, उत्तर प्रदेशातून आलेली पोरे एका खोलीत सहा-सहा राहतात. घरमालकाला त्यांची नावे ठाऊक नसतात, भाडे ठाऊक असते. म्हणजे घरगुती रहस्यकथेला लागते ते सगळे इथे आहे. एकमेकांना ओळखणारे जुने गाव आहे, आणि संशय घ्यायला नवे परके आहेत.

अडचण एकच आहे, आणि ती खोटी नाही. या इंग्रजी कथांतला पोलीस चहा पितो आणि बाईचे ऐकून घेतो. अगाथा रेझिनला तर बिल वाँग नावाचा तरुण अधिकारी भेटतो. त्याचा बाप चिनी, आई तिथलीच. परकेपण काय असते ते त्याला कळते, म्हणून गावात तिचा पहिला मित्र तोच होतो. आमच्या मोहल्ल्यातली बाई चौकीत जाऊन 'साहेब, मला असे वाटते' म्हणेल आणि साहेब खुर्ची पुढे करतील, असे लिहिले तर आमचा वाचक हसेल. बाईने चौकीची पायरी चढली हीच बातमी होईल. घरच्यांना तेवढेच पुरे. तेव्हा ही कथा जशीच्या तशी उचलता येणार नाही. शेवटच्या प्रकरणात सगळ्यांना दिवाणखान्यात बसवून खुनी दाखवण्याची सोय आमच्याकडे नाही. आमच्याकडे दिवाणखाना नाही, आणि बाईने बोलायला उभे राहिले की पुरुषांना नमाजची वेळ आठवते.

तरीही होईल. आमच्या कुठल्याशा लेखिकेने लिहावी म्हणून नुसता एक धागा सांगतो. समजा, देहूरोडच्या एका गल्लीत बारा बायकांची भिशी आहे. अक्षर चांगले म्हणून वही एकीकडे, पैसे दुसऱ्या एका मातब्बर घरी. सणाच्या तोंडावर पैसे गायब होतात. खून कशाला हवा, बारा घरांची ईद जाते तेवढे पुरे. संशय वरच्या खोलीतल्या बिहारी पोरावर. तो म्हणतो, मी रात्रपाळीला होतो. वही लिहिणारीचा नवरा त्याच कारखान्यात, त्याच रात्रपाळीला. तो दहा जणांसमोर सांगतो, 'पोरगा बसमध्ये नव्हता, मी स्वतः बसमध्ये होतो.' नमाजी माणूस, त्याचा शब्द कोण मोडणार? पोराला मारहाण होते.

आणि वही लिहिणारी गप्प उभी असते, कारण तिला एक गोष्ट ठाऊक आहे. कारखान्यातून आलेला डबा कसा असतो हे कामगाराच्या बायकोला सांगावे लागत नाही. कडेला सुकलेली आमटी, झाकणाला चिकटलेला भाताचा दाणा, कांद्याचा वास. गेले आठ महिने आठवड्यातून दोनदा तिच्या नवऱ्याचा डबा घासून येतो. रात्रपाळीला डबा कोणी घासत नाही. जिथे जेवला तिथे घासणारी कोणीतरी आहे. हे तिने कोणालाच सांगितलेले नाही, आईलाही नाही. पण भिशीच्या वहीच्या शेवटच्या पानावर, आकड्यांसारख्या बारीक अक्षरात, त्या तारखा तिने लिहून ठेवल्या आहेत. चोरीच्या रात्रीची तारीख त्यात आहे. पोराला सोडवायचे तर ते पान उघडावे लागेल, आणि ते उघडले की त्याच्याबरोबर तिचे घरही उघडे होणार.